कॉरोनरची चौकशी : कथेंतली आणि खरी

इंग्रजी रहस्यकथा वाचण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांना एक प्रकरण आतां तोंडपाठ झालें असेल. आरंभींच्या दोन-तीन प्रकरणांत प्रेत सांपडतें. पोलीस येतात, डॉक्टर येतो, नोकरचाकरांच्या जबान्या होतात. आणि मग गांवांतल्या एखाद्या खाणावळीच्या मोठ्या खोलींत अगर शाळेच्या दालनांत ‘कॉरोनर’ नांवाचा अधिकारी येऊन बसतो. त्याच्यापुढें गांवांतल्याच वाण्या-शिंप्यांची आणि शेतकऱ्यांची ज्यूरी, आणि तिच्यामागें जमलेला सारा गांव. साक्षी होतात, थोडी कुजबूज होते, ज्यूरी आपला निर्णय देते. चतुर वाचक हें प्रकरण भराभर चाळून पुढें जातो. कारण ज्यूरीचा निर्णय बहुधा चुकीचाच असणार, आणि खरा उलगडा शेवटच्या प्रकरणांत कोणाच्या तरी दिवाणखान्यांत होणार, हें त्याला पक्कें ठाऊक असतें.

आमचें म्हणणें असें कीं, हें प्रकरण चाळून टाकण्याची संवय वाचकाला लेखकांनींच लावली, आणि त्यामुळें एका फार जुन्या व विलक्षण संस्थेविषयीं आपला गैरसमज होऊन बसला आहे. ही संस्था सर्वस्वीं परक्यांची असती तर त्या गैरसमजानें आपलें फारसें बिघडलें नसतें. परंतु ती मुंबई शहरांत १८७१ च्या कायद्याखालीं सव्वाशेंहून अधिक वर्षें नांदली, आणि १९९९ सालीं मोडली गेली. मोडली तेव्हां कोणी हळहळल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आपण काय गमावलें हेंच मुळीं आपल्याला समजलें नाहीं. आणि तें समजून घेण्यास कायद्याच्या पुस्तकांइतकाच कथावाङ्मयाचाहि उपयोग आहे, असें आम्हांस वाटतें.

कॉरोनर हा मुळांत न्यायाचा नव्हे, तिजोरीचा माणूस. पहिला रिचर्ड राजा धर्मयुद्धाच्या आणि स्वतःच्या सुटकेच्या खर्चानें पुरता पिचलेला असतांना, ११९४ सालीं, इंग्लंडांत ही जागा निर्माण झाली. राजाचे हक्क राखणारा, असाच त्या नांवाचा अर्थ आहे. कोणी माणूस अवचित मेला कीं त्यांतून राजाचें कांहीं येणें निघतें काय, हें पाहणें त्याचें काम. मृतानें आत्महत्या केली असें ठरलें कीं त्याची जंगम मालमत्ता जप्त. आणि जी वस्तु माणसाच्या मरणाला कारण झाली ती वस्तु, मग ती गाडी असो वा बैल, अथवा तिची किंमत, राजाची. हा दुसरा नियम आगगाड्या निघेपर्यंत जिवंत होता. इंजिनांखालीं माणसें मरूं लागलीं, ज्यूरी इंजिनांवर मोठमोठ्या रकमा आकारूं लागल्या, तेव्हां कोठें १८४६ सालीं तो रद्द झाला! आत्महत्या करणाऱ्याच्या मालमत्तेची जप्ती तर १८७० पर्यंत कायद्यांत राहिली.

पण या पैशाच्या हांवेंतूनच एक अमोल गोष्ट निपजली. राजाचें येणें ठरवावयाचें तर मृत मनुष्य कोण, तो कधीं, कोठें आणि कसा मेला, हें आधीं ठरविलें पाहिजे. आणि तें प्रेत डोळ्यांसमोर ठेवून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून, भर लोकांत ठरविलें पाहिजे. अशा रीतीनें एक असें न्यायासन उभें राहिलें कीं जेथें वादी नाहीं, प्रतिवादी नाहीं, आरोपी नाहीं. इतर न्यायासनांपुढें भांडण येतें. येथें नुसता प्रश्न येतो. येणें वसूल करण्याचा हेतु पुढें गळून पडला, प्रश्न तेवढे उरले. आजहि इंग्लंडांत कॉरोनरला याच चार प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं असतात, आणि कोणाहि नांव घेतलेल्या व्यक्तीस गुन्हेगार ठरविण्याची त्याला कायद्यानें मनाई आहे.

शेक्सपिअरला या संस्थेचें दोन्ही अंग दिसलें होतें. ‘हॅम्लेट’च्या पांचव्या अंकाच्या आरंभीं दोन कबर खणणारे ऑफीलियाच्या मरणावर कायद्याचा काथ्याकूट करीत बसतात: माणूस पाण्याकडे गेला कीं पाणी माणसाकडे आलें, यावर आत्महत्या ठरणार! हा केवळ विदूषकी चाळा नव्हे. सर जेम्स हेल्स नांवाच्या एका न्यायाधीशानें १५५४ सालीं नदींत जीव दिला. कॉरोनरच्या ज्यूरीनें ती आत्महत्या ठरविली. आणि त्याच्या मालमत्तेचा वाद पुढें न्यायालयांत गेला. तेथें एका कृत्याचे कल्पना, निश्चय आणि सिद्धि असे तीन भाग पाडून मोठमोठ्या वकिलांनीं जो कीस काढला, त्याचेंच विडंबन शेक्सपिअरनें केलें असें त्याचे टीकाकार मानतात. हा झाला विनोद. परंतु त्याच संभाषणांत दुसरा खणणारा सहज बोलून जातो कीं, ही मुलगी थोरामोठ्यांच्या घरची नसती तर तिला ख्रिस्ती दफन मिळालें नसतें. आणि पुढें आलेला धर्मोपदेशक तीच गोष्ट कबूल करतो. चौकशी सर्वांची सारखी, निर्णय मात्र घराणें पाहून, ही बोच त्या विनोदाच्या पोटांत आहे. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’पासून, म्हणजे १८८३ पासून, हॅम्लेट मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, पण हा प्रवेश आपल्याकडे कधीं पुरता रुजेल असें वाटत नाहीं. जेथें बहुतेकांचें दहन होतें आणि आत्महत्या केलेल्याला कोठें पुरावें हा वादच उद्भवत नाहीं, तेथें या विनोदाला टीपा लागतात. आणि टीपा लागलेला विनोद म्हणजे पाणी घातलेलें ताक.

डिकन्सनें मात्र ही चौकशी आंत बसून पाहिली होती. १८४० सालीं एका नवजात अर्भकाच्या मरणाची चौकशी करणाऱ्या ज्यूरींत त्याला बोलावणें आलें. मुलाची आई एका घरची मोलकरीण. मूल जिवंत जन्मलें कीं मेलेलेंच जन्मलें हा प्रश्न होता, आणि ज्यूरींतल्या बऱ्याच गृहस्थांना त्या मुलीवर खुनाचा ठपका ठेवण्याची घाई झाली होती. डिकन्सनें हट्टानें वाद घातला, कॉरोनरचाहि त्याला आधार मिळाला, आणि खुनाचा शेरा टळला. पुढें त्यानें तिच्यासाठीं तुरुंगांत खाण्यापिण्याची सोय केली, वकील दिला, आणि तिला सौम्य शिक्षा झाली. या अनुभवावर त्यानें वीसांहून अधिक वर्षांनीं, १८६३ सालीं लिहिलें. पण त्याचा खरा उपयोग मधल्या काळांत, ‘ब्लीक हाउस’ (१८५२–५३) या कादंबरींत झालेला आम्हांस दिसतो.

त्या कादंबरींत कायद्याच्या कागदांच्या नकला करून पोट भरणारा एक मनुष्य भंगाराच्या दुकानावरच्या खोलींत अफूनें मरून पडतो. तो स्वतःला ‘नेमो’ म्हणवी. लॅटिनमध्यें नेमो म्हणजे कोणी नाहीं. शेजारच्या गुत्त्यांत त्याची चौकशी भरते. एक शेजारीण भडभड बोलते आणि कांहींच सांगत नाहीं. मग रस्ता झाडणारा जो नांवाचा पोर पुढें येतो. त्याला आडनांव नाहीं, आईबाप नाहींत, अक्षरओळख नाहीं. शपथ म्हणजे काय हें त्याला नीट सांगतां येत नाहीं, म्हणून कॉरोनर त्याची साक्षच घेत नाहीं. अपघाती मृत्यूचा निर्णय होतो, लोक पांगतात. आणि नंतर तो पोर खासगींत सांगतो कीं, तो मेलेला माणूस आपल्याशीं फार चांगला वागे. साऱ्या लंडनांत नेमोला माणूस म्हणून ओळखणारा एवढा एकच साक्षीदार, आणि नेमकें त्याचेंच तोंड कायद्यानें बंद केलें.

पुष्कळ टीकाकार या प्रकरणाला उपरोधाचा उत्तम नमुना म्हणून थांबतात. आम्हांस तें त्याहून अधिक वाटतें. डिकन्स या चौकशीची थट्टा करीत नाहीं; तिनें स्वतःच पत्करलेलें काम तिला आठवून देतो. ‘मृत कोण’ हा तिचा पहिला प्रश्न, आणि त्याचें उत्तर ती दारांतून हांकून देते. या प्रकरणाला एक शेपूट आहे, तें तर वाचकानें अवश्य पाहावें. चौकशीला आलेल्यांत गमतीचीं गाणीं म्हणणारा लिट्ल स्विल्स नांवाचा एक इसम असतो. त्याच संध्याकाळीं, त्याच गुत्त्यांत, तो कॉरोनरची नक्कल करून गिऱ्हाइकांना हंसवितो. प्रेत वरच्या बाजूला तसेंच पडलेलें! पुढच्या शतकांत या चौकशीचें वाङ्मयांत जें झालें, त्याचें भाकीतच जणूं डिकन्सनें या एका नकलाकाराच्या रूपानें करून ठेविलें.

डिकन्स ज्या कॉरोनरपुढें ज्यूरर म्हणून बसला तो थॉमस वेकली. ‘लॅन्सेट’ हें वैद्यकीय साप्ताहिक १८२३ सालीं काढणारा तोच. कॉरोनर वकील असण्यापेक्षां वैद्य असावा, हा त्याचा आग्रह. १८४६ सालीं हाउन्सलो येथील छावणींत एका शिपायाला दीडशें फटके मारण्यांत आले. कांहीं आठवड्यांनीं तो मेला. सैन्याच्या डॉक्टरांनीं नैसर्गिक मृत्यूचा दाखला दिला. परंतु तेथील धर्मोपदेशकानें पुरण्याआधीं वेकलीला कळविलें; वेकलीनें चौकशी भरवून बाहेरच्या वैद्याकडून प्रेत तपासून घेतलें; आणि ज्यूरीनें हा मृत्यु फटक्यांमुळेंच झाला असें स्पष्ट सांगितलें. लौकरच फटक्यांची कमाल संख्या पन्नासावर आली, आणि १८८१ सालीं सैन्यांतून फटकेच गेले. पार्लमेंटांत कित्येक वर्षें चाललेल्या भाषणांनीं जें झालें नाहीं, त्याला एका शिपायाच्या प्रेतापुढें विचारलेल्या साध्या प्रश्नानें वेग आला.

आतां रहस्यकथांकडे वळूं. कॉनन डॉइलला आम्ही दोष देणार नाहीं. ‘बॉस्कम व्हॅली’ची त्याची कथा (१८९१) ज्यांनीं लक्षपूर्वक वाचली असेल त्यांना आठवेल कीं, तिथें कॉरोनरच्या चौकशीचा वृत्तान्त वर्तमानपत्रांत छापलेला आहे आणि वॉटसन तो आगगाडीच्या डब्यांत बसून वाचतो. बापाच्या खुनाचा आळ मुलावर आलेला. मरतां मरतां बाप कांहीं पुटपुटला, तें ‘उंदीर’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखें ऐकूं आलें, असें मुलगा शपथेवर सांगतो. ऐकणारे ती मरणवेळची बरळ समजतात. होम्स त्यांत ऑस्ट्रेलियांतल्या बॅलरॅट गांवाच्या नांवाचा शेवट ओळखतो. ज्यूरीचा निर्णय येथेंहि चुकतो, खरें. पण तो अर्धा शब्द जपला कोणीं? त्या चौकशीनेंच. उघड्यावर साक्ष झाली, ती जशीच्या तशी छापली गेली, म्हणूनच लंडनच्या एका तिऱ्हाइताला ती परत वाचून वेगळा अर्थ लावतां आला. होम्सच्या बुद्धीचें कौतुक करतांना या फुकट मिळालेल्या भांडवलाचा विसर पडूं नये.

अगाथा ख्रिस्तीच्या ‘स्टाइल्स’पासून (१९२०) मात्र वारें फिरलें. त्या कादंबरींतली चौकशी बेताबेतानें रचली आहे, आणि एका साक्षीदाराचें मूर्खासारखें वाटणारें मौन तर फारच हुशारीचें आहे. त्याचा उलगडा सांगून आम्ही कोणाचा रस घालवीत नाहीं. पण तेथून पुढें ही सभा म्हणजे वाचकाला चकविण्याची जागा झाली. पात्रांची हजेरी एका खोलींत घ्यावी, दोन खुणा पेराव्या, चार खोट्या वाटा दाखवाव्या, आणि उठावें. त्यांत १९२६ च्या कायद्याची भर पडली. खुनाचा आरोप कोणावर ठेवला गेला कीं कॉरोनरनें आपलें काम तहकूब ठेवावें, असें त्यानें ठरविलें. त्यामुळें पुढच्या कादंबऱ्यांतला कॉरोनर प्रेताची ओळख पटवून घेतो, पोलिसांच्या विनंतीवरून तारीख देतो, आणि नाहींसा होतो. मेलेला मनुष्य कोण होता याचें कोणालाच सुतक नाहीं. तो कोड्याचा पहिला अंक. लिट्ल स्विल्सचा वंश वाढला तो असा.

इकडे खरी संस्था मात्र बदलत, चुकत, सुधारत चालली होती. ज्यूरीनें एखाद्याचें नांव घेऊन त्याला खुनी म्हणण्याचा अधिकार १९७५ पर्यंत वापरला गेला. त्या वर्षीं मुलांच्या दाईच्या खुनाबद्दल फरारी लॉर्ड ल्यूकनचें नांव असें घेतलें गेलें, आणि १९७७ च्या कायद्यानें तो अधिकार काढून घेतला. ज्यूरी आतां फार क्वचित् बसते. शंभर चौकशांत एक-दोन. तुरुंगांतले कांहीं मृत्यु, पोलिसांच्या हातून झालेले मृत्यु, अशांसाठीं ती राखून ठेविली आहे. पण चौकशा थोड्या होतात असें मात्र नाहीं. इंग्लंड आणि वेल्स मिळून २०२३ सालीं सुमारें ५ लक्ष ८१ हजार मृत्यु नोंदले गेले. त्यांपैकीं सुमारें १ लक्ष ९५ हजार, म्हणजे तिसरा हिस्सा, कॉरोनरांना कळविण्यांत आले. आणि सुमारें ३७ हजारांविषयीं रीतसर चौकशी उघडली गेली. खुनाचे मृत्यु त्यांत मूठभर. उरलेले म्हणजे रस्त्यावरचे अपघात, शिडीवरून पडलेले म्हातारे, कारखान्यांतल्या धुळीनें फुप्फुसें गेलेले कामगार, आत्महत्या, दवाखान्यांतल्या चुका. रहस्यकथेला नकोसे वाटणारे हे मृत्यु हाच या न्यायासनाचा खरा संसार. यांतून पुढें दुसरा कोणी मरण्याचा धोका दिसला तर संबंधित संस्थेला लेखी बजावणें हें कॉरोनरचें कर्तव्य आहे, आणि त्या संस्थेनें ठराविक मुदतींत उत्तर द्यावें लागतें.

या न्यायासनाला आम्ही डोक्यावर घेतों असें मात्र कोणी समजूं नये. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो क्रीडांगणावर फुटबॉलच्या सामन्यांत चेंगराचेंगरी झाली. मृतांची संख्या शेवटीं ९७ वर गेली. पहिल्या चौकशींत कॉरोनरनें दुपारच्या सव्वातीनची रेघ ओढली: तोंवर सर्वांना प्राणघातक इजा होऊन गेली होती, म्हणून त्यानंतर काय झालें याचा पुरावा घ्यावयाचा नाहीं. मदत वेळेवर आली असती तर माझा मुलगा वांचला असता काय, हा आईबापांचा प्रश्न त्या एका रेघेनें पुसला गेला. १९९१ सालीं निर्णय झाला तो अपघाताचा. डिकन्सच्या त्या पोराला जसें दारांतून परतविलें, तसेंच हेंहि! परंतु हीं माणसें परतलीं नाहींत. डिसेंबर २०१२ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. २०१४ पासून दोन वर्षें नव्यानें चौकशी चालली. आणि एप्रिल २०१६ मध्यें ज्यूरीनें सांगितलें कीं हा बेकायदा मनुष्यवध होता, आणि प्रेक्षकांचा त्यांत दोष नव्हता. हें न्यायासन चुकलें, पण ज्या जागीं चुकलें ती जागा लोकांना ठाऊक होती. तेथें जाऊन पुन्हां दार ठोठावतां आलें.

आपल्याकडे दार कोठें आहे? मुंबईच्या कॉरोनरपुढें अपघात, आत्महत्या, खून, अज्ञात कारणानें अकस्मात् आलेलें मरण, आणि तुरुंगांतलें मरण, एवढे विषय येत. मूळ कायद्याप्रमाणें ज्यूरीनें प्रेत स्वतः पाहावें, साक्षी शपथेवर व्हाव्या, असें होतें. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रांत हें कधींच नव्हतें. तेथें १८९८ च्या संहितेचें १७४ वें कलम, १९७३ च्या संहितेचेंहि तेंच, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचें १९४ वें. पोलीस अंमलदार जागेवर जातो, दोन अगर अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलावतो, प्रेताचा पंचनामा करतो आणि मॅजिस्ट्रेटकडे अहवाल धाडतो. मुंबईंतहि आतां हीच रीत. तिच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. एकाच मृत्यूची दोनदां तपासणी कशाला, प्रेत अडकून कां पडावें, असे प्रश्न खोटे नव्हेत. लग्नानंतर सात वर्षांच्या आंत मेलेल्या विवाहितेसाठीं १९८३ पासून, आणि कोठडींतल्या मृत्यूसाठीं २००६ पासून, कायद्यानें अधिक कडक चौकशी घातली आहे, तीहि योग्यच. पण सर्वसामान्य मृत्यूपुरतें सर्वोच्च न्यायालयानेंच १९७५ सालीं सांगून ठेविलें आहे कीं, या अहवालाचा हेतु मर्यादित आहे. मरण दिसण्यांत कशानें आलें एवढेंच त्यांत पाहावयाचें.

हा व्याप किती मोठा आहे, तेंहि पाहावें. २०२२ सालच्या सरकारी अहवालाप्रमाणें भारतांत ४,३०,५०४ माणसें अपघातांत दगावलीं आणि १,७०,९२४ जणांनीं आत्महत्या केली. म्हणजे सहा लाखांवर मृत्यु, आणि कायद्याप्रमाणें या प्रत्येकाचा पंचनामा. एका वर्षांत सहा लाख लेख! एवढा मोठा गद्यप्रकार दुसरा नसेल, आणि त्याचा वाचकहि नाहीं.

आम्ही हें थट्टेनें म्हणत नाहीं. पंचनाम्याचें गद्य एकवार नीट वाचून पाहावें. प्रेताचें डोकें कोणत्या दिशेस, पाय कोणत्या. डोळे अर्धवट उघडे कीं मिटलेले. अंगावर कोणतें वस्त्र, कोणत्या रंगाचें. हातावर गोंदण असल्यास काय. गळ्यांत, बोटांत, कानांत काय. विशेषणाला थारा नाहीं. इतकें नेमकें पाहणारें गद्य आपल्या कादंबऱ्यांत क्वचितच भेटतें, आणि नवलेखकांनीं त्यापासून शिकण्यासारखें आहे. परंतु त्यांत प्रश्न नाहीं. वर्णन संपतें आणि एकदम ‘पंचांचें मत’ येतें. मधली जी जागा, जेथें डिकन्सची शेजारीण भडभड बोलते, बॉस्कमचा मुलगा अर्धा शब्द सांगतो, हिल्सबरोची आई सव्वातीननंतर काय झालें तें विचारते, ती जागाच कोरी आहे. नातेवाइकांचे जबाब पोलीस घेतात, नाहीं असें नाहीं. पण ते ठाण्यांत घेतात, एकेकाचे घेतात, आणि जबाब देणाऱ्याला उलट कांहीं विचारण्याची सोय तेथें नसते. गिरणीच्या पट्ट्यांत सांपडून मेलेल्याच्या बापाला पट्ट्यावर जाळी कां नव्हती हें मुकादमाला शेजाऱ्यांदेखत विचारावयाचें असेल, तर त्यानें तें कोठें विचारावें?

मुंबईच्या कॉरोनरपुढें अशा किती बापांनीं खरोखर तोंड उघडलें, आणि किती गप्प घरीं गेले, हें त्या कचेरीचीं दप्तरें चाळल्यावांचून सांगतां येणार नाहीं. मराठी कथाकादंबरीची त्या कामीं मदत होत नाहीं. गिरणगांवावर, चाळींवर, आगगाडीच्या रुळांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. पण ज्या खोलींत या सर्व ठिकाणचीं प्रेतें एकेक करून नांवानिशीं पुकारलीं जात, त्या खोलीचें दार उघडून आंत गेलेली एकहि मराठी कादंबरी आमच्या वाचनांत आलेली नाहीं. त्या दप्तरांतलें जें कांहीं वाळवीच्या तोंडून वांचलें असेल, तें कोणा अभ्यासकानें लौकर हातीं घ्यावें.